राजघराण्यातल्या बाईचं चित्र कसं वाचायचं: एका फोटोवाल्याची रीत

चेहरा सगळ्यात शेवटी बघायचा. रीत एवढीच आहे आणि अवघड भागही हाच आहे. आपली नजर आपोआप डोळ्यांकडे पळते, तिला धरून खाली आणायची: आधी कापड, मग दागिने, मग हात, मग पाठीमागचा रंग. सोळाव्या शतकातल्या युरोपातल्या एखाद्या ड्यूकने बायकोचं चित्र काढून घेतलं, तेव्हा त्याने पैसे तिच्या डोळ्यांतल्या भावांसाठी मोजलेले नव्हते.

मी पारोळ्यातला फोटोवाला. आता स्टुडिओ मुलगा बघतो, कॅमेरेही त्याचेच, पण रोलच्या जमान्यात स्थळाचे फोटो मी काढले. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की रांग लागायची. मुलगी, तिची आई, एखादी मावशी आणि मागे उभा राहून सूचना देणारा मामा. मावशीच्या गळ्यातली पोत मुलीच्या गळ्यात जायची, काकूच्या पाटल्या तिच्या हातात यायच्या, आणि मामा म्हणायचा, “भाऊ, हात असा घ्या, पाटल्या कापल्या नाही गेल्या पाहिजेत.” तो फोटो मग पाकिटात बसून धुळ्याला, नंदुरबारला, सुरतेला जायचा. तिकडे तो उघडणारी माणसं काय बघतात, हे आम्हाला पाठ होतं. पोर कशी शे, हा प्रश्न नंतरचा. घर कसं शे, हा पहिला. रेनेसाँच्या काळातली दरबारी बायकांची चित्रं मला समजायला लागली ती ह्याच एका प्रश्नामुळे. तुम्हीही तोच हाताशी ठेवा, बाकीचा तपशील खाली देतो.

सरावासाठी एकच चित्र घ्या. दहा चित्रं चाळण्यात अर्थ नाही. मी इटालियन चित्रकार ब्रॉन्झिनोचं ‘एलेओनोरा दि तोलेदो आणि तिचा मुलगा जोव्हान्नी’ घेतो. फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात आहे, साधारण १५४५ सालचं, लाकडी फळीवर तैलरंगात काढलेलं. माप ११५ बाय ९६ सेंटिमीटर, म्हणजे उंची पावणेचार फुटांच्या आसपास. मोबाइलवर बघत असाल तर हे माप डोक्यात ठेवाच. भिंतीवर ती बाई जवळजवळ जिवंत माणसाच्या आकाराची दिसते, बोटभर नाही. मोठ्या आकाराचं छायाचित्र उतरवून घ्या आणि कॉम्प्युटरवर तुकड्या-तुकड्याने बघा.

चित्र उघडण्याआधी कागद

सोयरीक जुळवणारा माणूस फोटो बघण्याआधी विचारतो, मूळ गाव कुठलं, मामेकुळ कोणतं, भाऊ किती. तुम्हीही आधी तेच विचारा आणि कागदावर मांडा. चित्राचं साल, बाईचं वय, माहेर, सासर, लग्नाचं साल, तोवर झालेली मुलं, आणि त्या वेळी घरावर काय संकट होतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. संकट नसताना कोणी एवढं महागडं चित्र काढून घेत नाही, असं माझं मत आहे. ते चुकलं तर चुकलं, पण शोधायला लावतं.

एलेओनोराचा कागद असा भरतो. जन्म १५२२. बाप डॉन पेद्रो दि तोलेदो, नेपल्सचा व्हाइसरॉय, म्हणजे सम्राट पाचव्या चार्ल्सचा तिथला कारभारी, खानदानी स्पॅनिश घराणं. सासर मेदिची, फ्लॉरेन्सवर राज्य करणारं घराणं. नवरा कोसिमो, तिथला ड्यूक. लग्न १५३९ साली. चित्र झालं तेव्हा ती तेवीसच्या घरात, पदरी मुलं झालेली, पुढेही व्हायची होती. एकूण अकरा झाली.

आता संकट. मेदिची म्हटलं की आपल्याला वाटतं, पिढ्यान्‌पिढ्यांचे राजे. तसं नव्हतं. मुळात ते सावकार. फ्लॉरेन्स हे प्रजासत्ताक, तिथे मेदिचींनी पडद्याआडून सत्ता चालवली, दोन-तीनदा हाकलले गेले, परत आले. १५३७ च्या जानेवारीत ड्यूक आलेस्सांद्रोचा त्याच्याच भाऊबंदाने खून केला आणि शहरातल्या बड्या लोकांनी घाईघाईने कोसिमोला गादीवर बसवलं. तो अवघा सतरा वर्षांचा आणि घराण्याच्या धाकट्या पातीचा. बाप जोव्हान्नी भाडोत्री फौजेचा सरदार, तो कधीच वारलेला. जुन्या घरांतल्या लोकांना वाटलं, पोरगं आहे, आपल्या मुठीत राहील. शहरातून परागंदा झालेले विरोधक फौज जमवून आले, त्यांना त्याने त्याच उन्हाळ्यात मोंतेमुर्लोला हरवलं. पण तलवारीने मिळवलेलं टिकायला सम्राटाचा हात डोक्यावर हवा होता. खून झालेल्या ड्यूकची विधवा मार्गारेट ही सम्राटाचीच मुलगी, लग्नाबाहेरची. कोसिमोने आधी तिला मागणी घातली. सम्राटाने ती दिली नाही, फार्नेझे घराण्यात दिली. मग नेपल्सच्या कारभाऱ्याची मुलगी. असं सांगतात की डॉन पेद्रोने थोरली मुलगी पुढे केली होती आणि कोसिमोने एलेओनोराच मागितली. आपल्याकडच्या कुठल्याही बैठकीत शोभेल असा प्रसंग आहे.

एवढं लिहून झालं की चित्र उघडा. सहा वर्षांपूर्वी लग्न झालेला, गादी नवी असलेला, वंश धाकट्या पातीचा असलेला माणूस बायकोचं चित्र काढून घेतोय. त्याला काय सांगायचं असेल?

कापड

चित्राचा निम्म्याहून जास्त भाग त्या झग्यानेच व्यापलेला आहे. पांढरं रेशीम, त्यावर काळ्या मखमलीची वेलबुट्टी आणि जरीची मोठी डाळिंबं. एक डाळिंब बरोबर छातीच्या मधोमध. मोठं करून बघा: जरीच्या भागात ब्रॉन्झिनोने धाग्याचे बारीक फेर दाखवलेत, हात लावला तर खरखरीत लागेल असे. मखमलीचा काळा रंग मात्र उजेड गिळून टाकतो. एकाच रंगपेटीतून रेशीम, मखमल आणि जर अशी तीन कापडं वेगळी दिसतात. मी कृष्णधवल फोटोत साडीचा काठ उठून दिसावा म्हणून जन्मभर दिवे सरकवत बसलो, त्यामुळे ह्या कामाला माझा सलाम आहे.

आता कापड बोलतंय काय, ते बघू. फ्लॉरेन्स रेशमाचं नामांकित शहर. राज्यकर्त्याच्या बायकोच्या अंगावर असलं कापड म्हणजे शहराच्या धंद्याची जाहिरात. डाळिंब म्हणजे दाण्यांनी भरलेलं फळ, भरल्या कुशीची खूण. शिवाय ते स्पेनच्या राजचिन्हातही आहे: १४९२ मध्ये ग्रानादा जिंकल्यावर तिथल्या राजा-राणीने ते आपल्या ढालीवर घेतलं. म्हणजे एका फळात सासरची आशा आणि माहेरचा मान, दोन्ही बसले. आणि झग्याची नक्षी बघा, ती घडीत मोडत नाही. चुण्या फार थोड्या ठेवल्यात, नक्षी जवळजवळ अखंड. बसलेल्या बाईचं कापड असं पडत नाही. ते आपल्याला वाचता यावं म्हणून पसरून दाखवलंय.

ह्या झग्याबद्दल एक दंतकथा बराच काळ चालली. १८५७ मध्ये मेदिचींची थडगी उघडली, एलेओनोराच्या अंगावर रेशमी झगा सापडला, आणि लोक म्हणायला लागले की तिला ह्याच झग्यात पुरलं. ते खरं नाही. पुरलेल्या झग्याचे अवशेष पुढे तज्ज्ञांनी स्वच्छ करून जोडले. तो साधा सॅटिनचा, वेगळ्याच काटाचा निघाला. तो फ्लॉरेन्सच्याच पित्ती राजवाड्यातल्या वस्त्रसंग्रहात आहे. तुम्हाला कोणी ही गोष्ट रंगवून सांगितली तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

दुसरं एखादं चित्र घेतलं आणि त्यात बाई काळ्या कपड्यांत असली, तर लगेच ‘विधवा’ म्हणून मोकळे होऊ नका. गडद, न विटणारा काळा रंग चढवणं महाग पडायचं आणि स्पॅनिश दरबारात काळा हा मानाचा रंग होता. आधी कागद बघा, मग ठरवा.

दागिने आणि हात

दागिन्यांची मोजदाद करा, पण कोणी दिले हे शोधत. एलेओनोराच्या गळ्यात मोत्यांचे दोन सर. एकाला मोठा हिरा आणि खाली लोंबणारा मोती. केसांवर सोनेरी जाळी, खांद्यांवरही तसलीच जाळी, गाठीगाठीवर मोती. कमरेला रत्नं जडवलेला सोन्याचा पट्टा, त्याच्या टोकाला मोत्यांचा गोंडा. मोती म्हणजे शुद्धता, पातिव्रत्य, हे त्या काळी सगळ्यांना ठाऊक होतं. ते महाग होते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तिला मोत्यांची हौस होती म्हणतात, असेल. पण चित्रातला प्रत्येक मोती घराण्याच्या तिजोरीचा उतारा आहे. जळगावच्या सराफ बाजारात बसणारा माणूस हे चित्र बघून दोन मिनिटांत आकडा सांगेल, आणि कोसिमोला तेच हवं होतं.

इथे एक सावधगिरी. प्रत्येक वस्तूला अर्थ चिकटवत सुटू नका. कुत्रा म्हणजे निष्ठा, पण कधीकधी तो नुसता लाडका कुत्राही असतो. घराण्याची खूण मात्र खूणच असते. मिलानच्या बियांका मारिया स्फोर्झाचं अंब्रोजो दे प्रेदिसने १४९३ च्या सुमारास काढलेलं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिच्या केसांतल्या दागिन्यात स्फोर्झांचा ब्रश आहे, घराण्याचं बोधचिन्ह. तिचा काका लुदोविको मिलानची गादी बळकावून बसला होता आणि त्यावर सम्राटपदाच्या वारसाची, माक्सिमिलियनची, मोहोर हवी होती. म्हणून पुतणी दिली आणि सोबत चार लाख डुकाटचा, म्हणजे सोन्याच्या नाण्यांचा, हुंडा. आता तो ब्रश परत बघा. अशा खुणा शोधायच्या.

इटलीतल्या काही चित्रांत बाईच्या हातात किंवा कमरेला सेबल किंवा मार्टेन ह्या मुंगसासारख्या केसाळ प्राण्यांचं कातडं लोंबताना दिसेल, काहींना सोन्याचं मुंडकं बसवलेलं. कुशी भरावी, बाळंतपण सुखरूप पार पडावं म्हणून ते शुभ मानत. स्पेनची राणी एलिझाबेथ द व्हाल्वाच्या एका चित्रात तिच्या हातात नवऱ्याचं, दुसऱ्या फिलिपचं, इवलंसं चित्र आहे. ते सोफोनिस्बा अँग्विसोलाने काढलं. ती क्रेमोनाची, १५५९ मध्ये स्पॅनिश दरबारात राणीची सखी म्हणून गेली आणि राणीला चित्रकलाही शिकवली. बायकांची ही चित्रं बायकाही काढत होत्या, हे आपण सहज विसरतो.

आता एलेओनोराचे हात. माझ्या मते सगळं चित्र तिच्या उजव्या हातासाठी काढलंय. तो मुलाच्या खांद्यावर आहे. नीट बघा: बोटं लांब, सैल, दाब नाही. घाबरलेल्या लेकराला आई जशी जवळ ओढते तशी ती ओढत नाही. लेकराला ती दाखवतेय. स्थळाच्या फोटोतही हाताची जागा ठरलेली असायची. मनगट समोर, बोटं मिटलेली, म्हणजे पाटल्याही दिसतात आणि मुलगी शांत स्वभावाचीही वाटते. एलेओनोराच्या हातात पाटली नाही. तिचा दागिना शेजारी उभा आहे.

लेकरू कोणतं?

इथे थोडं रेंगाळा. मुलगा जोव्हान्नी, जन्म १५४३, चित्रात दोन वर्षांच्या आसपासचा, निळ्या पोशाखात, गोबरा, मोठ्या माणसासारखा गंभीर. पण तो थोरला नाही. थोरला मुलगा फ्रान्चेस्को, १५४१ चा, गादीचा वारस. मग वारसाला सोडून धाकट्याला का उभं केलं?

कागदाकडे परत जा. कोसिमो घराण्याच्या धाकट्या पातीचा. आधीच्या थोरल्या पातीला औरस पुरुष वारस उरले नव्हते, त्यातूनच आलेस्सांद्रोसारखा लग्नाबाहेरचा मुलगा ड्यूक झाला आणि पुढे खून झाला. अशा घराने एक मुलगा दाखवला तर लोक म्हणतील, एक ताप आला की खेळ खलास. दुसरा मुलगा दाखवणं म्हणजे, आमच्याकडे आणखी आहेत. आणि त्याचं नाव जोव्हान्नी, कोसिमोच्या मेलेल्या बापाचं. ज्या बापामुळे कोसिमो ‘धाकट्या पातीचा’ ठरत होता, त्याचंच नाव तो मखमलीत गुंडाळून पुढे ठेवतो. मला हे चित्रातलं सगळ्यात धीट वाक्य वाटतं. कोणी ह्याला अतिवाचन म्हणेल. म्हणू द्या.

अकरा बाळंतपणं हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका. आमच्या खानदेशाच्या जुन्या राजधानीत, बऱ्हाणपुरात, मुमताज महल १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात गेली. घराणं चालवण्याची किंमत कोणत्या देहाने दिली, हे तिच्याही बाबतीत चित्रात दिसत नाही आणि एलेओनोराच्याही. पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने काढलेली उर्बिनोच्या ड्यूकची आणि त्याच्या बायकोची समोरासमोरची जोडचित्रं उफित्सीतच आहेत. बायको बात्तिस्ता स्फोर्झा. मुलींमागून मुली झाल्यावर १४७२ च्या जानेवारीत तिला मुलगा झाला आणि त्याच वर्षी जुलैत ती वारली, पंचविशी जेमतेम ओलांडलेली. तिच्या फळीच्या मागच्या बाजूला लॅटिन मजकूर आहे आणि तो भूतकाळात लिहिलाय, नवऱ्याच्या मागचा वर्तमानकाळात. म्हणून जमेल तेव्हा चित्राची पाठही बघत जा. संग्रहालयं पाठीचे फोटोही देतात.

ह्याच जोडचित्रात चेहरे पूर्ण बाजूने आहेत, जुन्या नाण्यांवर असतात तसे. इटलीत पंधराव्या शतकात बायकांची चित्रं बहुतेक अशीच. नंतर तीन-चतुर्थांश वळलेला चेहरा आला. उर्बिनोच्या ड्यूकचा उजवा डोळा भाल्यांच्या खेळात गेला होता, म्हणून त्याची डावी बाजू दाखवलीय. ‘चांगली बाजू’ शोधणं कॅमेऱ्याच्या आधीपासून चालू आहे.

पाठीमागचा निळा

आमच्या स्टुडिओत काश्मीरच्या बागेचा रंगवलेला पडदा होता. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाग महत्त्वाची. खरी करामत डोक्यामागे लपवलेल्या छोट्या दिव्यात असायची. त्याने केसांची कड सुटी होते आणि डोकं पडद्यापासून पुढे येतं.

ब्रॉन्झिनोने तेच केलंय. निळा कडांना गडद आहे आणि तिच्या डोक्याभोवती फिका, उजळ होत जातो. त्या काळचा माणूस चर्चमध्ये रोज मेरी आणि बाळ येशू बघत होता, निळ्या रंगासकट, डोक्यामागच्या तेजासकट. बसलेली आई, शेजारी मुलगा, निळा रंग, डोक्याभोवती उजेड. तेजोवलय काढलेलं नाही, तरी ते दिसतं. कोणी हरकत घेऊ शकत नाही आणि कोणी चुकूही शकत नाही.

निळ्याची किंमतही लक्षात घ्या. त्या वेळचा सगळ्यात मोलाचा निळा लॅपिस लाझुली दगडातून निघायचा आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा. निळा कोणत्या प्रतीचा वापरायचा, हे चित्रकारांच्या करारात लिहून घेत. खालच्या कोपऱ्यात पाणथळ मुलुखाचा तुकडाही दिसतो. तो मुलुख कोणाचा, हे पाटी लावून सांगायची गरज नव्हती.

आता चेहरा

एवढं झालं की वर या. चेहरा गुळगुळीत, घडवल्यासारखा. ओठ मिटलेले, नजर आपल्यावर, पण आपल्यासाठी नाही. बरेच जण म्हणतात, गर्विष्ठ दिसते. मला ती दमलेली वाटते. पण चित्र वाचताना माझ्या वाटण्याला फार भाव देऊ नका. असा चेहरा ठेवणं हे तिचं काम होतं. हसू, राग, ओढ ही एका क्षणाची असतात आणि घराणं क्षणाचं नसतं. स्टुडिओत आया मुलींना म्हणायच्या, “दात नको दाखवू माय.” मी रोल धुतला की निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करायचो, मुरुमाचे डाग, डोळ्यांखालची सावली. ब्रॉन्झिनोचं टचिंग ब्रशच्या आधीच, मनात झालेलं असायचं. शिवाय असा स्थिर चेहरा एकदा ठरला की कार्यशाळेत त्याच्या प्रती काढता येतात, दुसऱ्या दरबारी पाठवता येतात. एलेओनोराच्या चित्रांच्या तशा प्रती निघाल्याही.

ह्या मुखवट्यामागे खरी बाई काय करत होती, तेही वाचा, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. १५४९ मध्ये पित्ती राजवाडा विकत घेतला तो तिने. जमिनी, धान्याचा व्यापार ह्यांत तिचं डोकं चालायचं. नवरा बाहेरगावी असला की कारभार तिच्याकडे. ह्यातलं चित्रात काहीच नाही. कारण फ्लॉरेन्सला हिशेबी ड्यूकपत्नी दाखवायची नव्हती.

कोणाला दाखवायला?

सगळ्यात शेवटी हा प्रश्न, कारण उत्तर बदललं की सगळं चित्र बदलतं. एलेओनोराचं चित्र लग्नानंतरचं. ते ‘घर बसलं’ असं सांगतं. लग्नाआधीचं चित्र वेगळं असतं आणि त्याचे दोन नमुने इंग्लंडच्या आठव्या हेन्रीसाठी चित्रकार हान्स होल्बाइनने केले.

पहिली डेन्मार्कची क्रिस्टिना. सोळा वर्षांची, मिलानच्या ड्यूकची विधवा. होल्बाइनला १२ मार्च १५३८ रोजी ब्रुसेल्समध्ये तीन तास मिळाले. तेवढ्यात त्याने रेखाटन केलं आणि नंतर त्यावरून पूर्ण उंचीचं चित्र रंगवलं. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. उघडून बघा. सुतकाचा काळा पोशाख, एक अंगठी, बाकी काही नाही. दागिने कुठे गेले? लागत नव्हते. ती सम्राट पाचव्या चार्ल्सची भाची. मामा हाच दागिना. म्हणून होल्बाइनने चेहरा आणि हात एवढंच दाखवलं, आणि पायापर्यंतची उंची. सोयरीक जुळली नाही, हेन्रीने चित्र मात्र ठेवून घेतलं.

दुसरी क्लीव्हजची ॲन. १५३९ च्या ऑगस्टमध्ये होल्बाइन ड्यूरेनला जाऊन तिचं आणि तिच्या बहिणीचं चित्र काढून आला. ॲनचं चित्र लूव्हरमध्ये आहे. चेहरा पूर्ण समोरून, दोन्ही बाजू सारख्या, पोशाख आणि टोपी जडजवाहिरांनी भरलेली. समोरून काढलं की नाकाची उंची कळत नाही, हे कुठलाही फोटोवाला सांगेल. १५४० च्या जानेवारीत लग्न झालं, जुलैत रद्द झालं, आणि ‘चित्राने फसवलं’ ही गोष्ट जगभर पसरली. मी होल्बाइनच्या बाजूने आहे. तिथे असलेल्या इंग्रज राजदूताने कळवलं होतं की चित्र हुबेहूब उतरलंय. हेन्रीने होल्बाइनला शिक्षाही केली नाही. डोकं उडालं ते लग्न जुळवणाऱ्या मंत्र्याचं, थॉमस क्रॉमवेलचं. मुळात हे लग्न फ्रान्स आणि सम्राट एक होतील ह्या भीतीने, जर्मन राजांचा आधार मिळावा म्हणून ठरलं होतं. ती भीती ओसरली आणि नवरी नकोशी झाली. ‘फोटोत वेगळीच दिसते’ म्हणून मोडलेल्या सोयरिकी मीही पाहिल्यात. देण्याघेण्याचं बिनसलं की दोष फोटोवाल्याच्या माथी.

ह्या दोन्हींच्या शेजारी एक उलटं उदाहरण ठेवून नजर तपासा: लिओनार्दोचं ‘लेडी विथ ॲन अर्मिन’, म्हणजे अर्मिन नावाचा छोटा प्राणी धरलेली बाई. चेचीलिया गालेरानी ही मिलानच्या त्याच लुदोविकोची प्रेयसी, बायको नव्हे. गळ्यात काळ्या मण्यांची साधी माळ. लेकरू नाही, घराण्याची तिजोरी नाही. ती मान वळवून कोणाचं तरी बोलणं ऐकतेय. घराणं तिच्यावर बसवलेलं नाही, म्हणून तिला हलायला जागा मिळालीय.

चित्र आज कुठे आहे

हेही कागदावर लिहा, कारण घराण्याचा दावा किती टिकला हे तिथे कळतं. जोव्हान्नीला सतराव्या वर्षी कार्डिनल, म्हणजे चर्चमधला बडा धर्माधिकारी, केलं, आणि १५६२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर तो, त्याचा भाऊ गार्झिया आणि एलेओनोरा, तिघंही काही आठवड्यांच्या अंतराने मलेरियाने गेले. कोसिमो मात्र १५६९ मध्ये ग्रँड ड्यूक झाला. फ्रान्चेस्को आणि फेर्दिनांदो ही दोन्ही मुलं त्याच्यामागे गादीवर बसली, फ्रान्चेस्कोची मुलगी मारी फ्रान्सची राणी झाली. डाळिंबाने कबूल केलेलं बरंचसं दिलं. वंश १७३७ मध्ये संपला, शेवटच्या ग्रँड ड्यूकला मूल नव्हतं. त्याची बहीण ॲना मारिया लुइझा, तीही निपुत्रिक. राज्य लोरेन घराण्याकडे जाणार हे ठरल्यावर तिने त्याच वर्षी करार केला: मेदिचींनी जमवलेली चित्रं, मूर्ती, ग्रंथ, जवाहीर राज्याला मिळतील, पण फ्लॉरेन्सबाहेर काहीही न्यायचं नाही. १७६९ मध्ये उफित्सी लोकांसाठी उघडलं. एलेओनोरा आज तिथे आहे ती ह्या कलमामुळे.

पुढच्या सरावाला ॲना मारिया लुइझाचंच चित्र घ्या. यान फ्रान्स व्हान डाउव्हेनने तिला नवऱ्याच्या जोडीने रंगवलंय. तो जर्मनीतला इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडायचा हक्क असलेला राजा, दरबार डसेलडॉर्फला. काळ दीडशे वर्षांनी पुढचा, झगे वेगळे, केसांचे टोप आलेले. तिथे खांद्यावर हात ठेवायला लेकरू नाही, तेव्हा चित्रकाराने तिचे हात कुठे ठेवलेत ते आधी शोधा.